डोकी मोजायची की चुली?

राज्याचं नवीन गृहनिर्माण धोरण आलं 2025 च्या मे महिन्यात. त्याआधीचं 2007 चं, म्हणजे मध्ये अठरा वर्षं गेली. 2030 पर्यंत 35 लाख घरं, सत्तर हजार कोटींची गुंतवणूक, नावही झकास, 'माझे घर, माझे अधिकार'. बातमी आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडली आणि दहा मिनिटांत वाजलं. एक जण म्हणाला, अहो इथे आपल्याच बिल्डिंगमधे नऊ फ्लॅट कुलूपबंद आहेत, अजून कशाला बांधताय. दुसऱ्याचा मुलगा तिशीला आलाय, लग्न ठरत नाही कारण मुलीकडचे विचारतात स्वतःचं घर आहे का, तो भडकला, म्हणाला ते नऊ फ्लॅट माझ्या पोराला परवडतील अशा भावात मिळतात का ते विचार आधी. मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं आणि विषय संपला.

पण खरं सांगू का, दोघंही बरोबर होते, आणि हे दोघं एकाच वेळी बरोबर कसे असू शकतात हे कळलं नाही तर 35 लाख हा आकडा नुसता बॅनरवर लावायच्या कामाचा.

घरांची गरज काढतात कशी ते बघा. मागच्या जनगणनेची लोकसंख्या घ्यायची, ती मागच्या दहा वर्षांत ज्या वेगाने वाढली त्याच वेगाने पुढे न्यायची, त्यात किती माणसं बाहेरून येतील नि किती जातील ते मिळवायचं, कुटुंबात सरासरी किती माणसं त्याने भागायचं, आलेल्या आकड्यातून असलेली घरं वजा करायची, उरलं ते घरांची गरज. यात फार हुशारी नाही, त्रैराशिक येतं त्याला जमेल. गडबड सगळी भागाकारात आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत आहे.

आधी भागाकार. लाखभर वस्तीचं गाव धरा. घरटी पाच माणसं तर वीस हजार घरं. तीच माणसं घरटी चार झाली की पंचवीस हजार. एक मूल जन्मलं नाही, एक माणूस बाहेरून आला नाही, तरी पाच हजार घरं जास्तीची. महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी मुलं 1.7 वर आलीत, म्हणजे पाळणे कमी झाले तरी दारं वाढतच राहणार आहेत. आपल्याकडे याला शब्दही तयार आहे, वेगळी चूल मांडणे. आणि जनगणनेची कुटुंबाची व्याख्या पण तीच आहे बरं का, रक्ताचं नातं नाही बघत ते, एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. आपल्या आज्यांनी हेच केलं असतं. भावकीत भांडण झालं की पहिली चूल वेगळी होते, सातबारा नंतर.

आता येणारे-जाणारे. इथे मी माझ्याच घरचं सांगतो, कारण तक्त्यात न दिसणाऱ्या गोष्टी तिथे मला बऱ्या दिसतात.

आमचं गाव चिपळूणच्या पुढे, गुहागर रस्त्याला. वडील सत्तरच्या दशकात गिरणीत लागले, लालबागला गावकीच्या खोलीत रहायचे. खोली दहा बाय बाराची, माणसं चौदा, पाळीप्रमाणे झोपायची, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी त्याला मिळायची, जेवण खानावळीत. आई, आजी-आजोबा, काका-काकी, आम्ही पोरं गावाला, एकच चूल. तेव्हा कोणी मोजलं असतं तर मुंबईत एक खोली, चौदा डोकी, चूल शून्य. गावात एक घर, एक चूल. 1982 च्या संपानंतर वडिलांची गिरणी काही परत नीट चालली नाही, त्यांनी डोंबिवलीला एका कारखान्यात काम धरलं आणि चार वर्षांनी आम्हाला तिघांना वर आणलं. भाड्याची खोली घेतली, स्टो आणला. झालं! घराण्यात एकही जन्म न होता एकाच्या दोन चुली झाल्या. लालबागची खोली कमी झाली का, नाही, वडिलांच्या जागी गावातला दुसरा कोणीतरी झोपायला आला. गावचं घर कमी झालं का, नाही. वाढलं फक्त डोंबिवलीत.

म्हणजे स्थलांतर माणसाचं वेगळं आणि बिऱ्हाडाचं वेगळं. एकटा पुरुष गेला तर शहराला एक वळकटी लागते, बिऱ्हाड गेलं तर घर लागतं. आणि कोकणातून आधी पुरुष गेले, बिऱ्हाडं मागून गेली, हे सरकारच्याच आकड्यांत पडलंय. 2001 ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1136 बायका, कारण बाप्ये मुंबईत. 2011 ला ते 1122 झालं. सिंधुदुर्गात 1079 वरून 1036. लोकांना वाटलं मुलींचं प्रमाण घसरलं की काय, पण त्याच दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या जवळजवळ 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली, तेव्हा मला तरी यात दिसतं ते हे की आता बायका-पोरांसकट दाराला कुलूप लावून लोक निघालेत.

दुसऱ्या टोकाला काय झालं बघा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, त्याचीही लोकसंख्या घटली, 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर. मुंबई घटली असं सांगितलं तर लोकलमधे कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ज्या लालबाग-परळमधे खोलीत चौदा माणसं होती तिथे टॉवरमधे आता चार जण दोन हजार स्क्वेअर फुटात राहतात, मग घटेल नाही तर काय. आणि तेवढ्यातच तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर. मीरा-भाईंदर सव्वापाच लाखांवरून आठ लाख, आमचं बदलापूर लाखाच्या आसपास होतं ते पावणेदोन लाख. ही सगळी माणसं काही आभाळातून पडली नाहीत, चाळीतली खोली विकून किंवा गावचं दार ओढून घेऊन आली.

आता गंमत. आमच्या वाडीत बावीस घरं. गेल्या पावसाळ्यात गेलो तेव्हा सहा घरांत रात्री दिवा होता. उरलेल्या सोळांपैकी सात घरं मागच्या पंधरा वर्षांत नवीन बांधलेली, चिऱ्याची, वर स्लॅब, पुढे टाईल्स, स्टीलचं रेलिंग. म्हणजे माणसं गेली आणि घरं वाढली! कारण वडिलोपार्जित घरात तीन भावांची वाटणी झाली, गणपती प्रत्येकाला आपल्या दारात हवा, शिमग्याला पालखी आपल्या अंगणात नाचवायची, मग एकाची तीन घरं झाली आणि तिन्हीला कुलूप. आमच्या घराचं विजेचं बिल पुतण्या मोबाईलवरून भरतो, वर्षातले आठ-नऊ महिने युनिट जवळपास शून्य आणि स्थिर आकार तेवढा चालू. सरकारी तक्त्यात ते एक पक्कं घर आहे. बांधकाम चांगलं, छप्पर पक्कं, संडास आहे, वीज आहे. फक्त माणूस नाही.

2011 ला देशात शहरांमधे एक कोटी अकरा लाख घरं रिकामी सापडली होती, त्यात सगळ्यात जास्त मुंबईत, 4 लाख 80 हजारांच्या घरात. आणि त्याच सुमाराला, 2012 ला, अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने सांगितलं की शहरांत एक कोटी 88 लाख घरांचा तुटवडा आहे, महाराष्ट्रात 19 लाखांच्या वर. टीव्हीवर बरीच वर्षं हा आकडा फेकला जायचा, पण त्याच्या पोटात काय होतं हे फार कमी जणांनी बघितलं. उघड्यावर राहणारे त्यात जेमतेम सव्वापाच लाख. दीड कोटी घरांचा तुटवडा होता तो दाटीचा, म्हणजे घर आहे पण लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची खोली नाही. थोरला मुलगा-सून किचनच्या ओट्याखाली, म्हातारा पॅसेजमधे, हे आपण सगळ्यांनी बघितलंय, काहींनी भोगलंय. आणि तुटवड्यातले 95 टक्के लोक दुर्बल नि अल्प उत्पन्न गटातले. म्हणजे एक कोटी रिकामी घरं आणि दीड कोटी दाटलेली घरं एकाच देशात, कधी एकाच स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला. यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही. आमच्या ग्रुपवरचं भांडण म्हणजे हेच.

अंदाज बांधणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते असं मला वाटतं. पंचवीस ते पस्तीस वयाच्या शंभर जणांत स्वतःचं बिऱ्हाड असलेले किती, हे प्रमाण मागच्या जनगणनेतून काढतात आणि पुढच्या अंदाजात तेच वापरतात. आता ज्या शहरात घर परवडतच नाही तिथे हे प्रमाण कमीच येणार, पोरं आईबापांकडेच अडकलेली असणार. तक्ता म्हणतो, अरे इथल्या लोकांना वेगळं व्हायचंच नसतं, गरज कमी धरा. परवडत नाही म्हणून जो वेगळा झाला नाही तो कागदावर हौसेने एकत्र राहणारा ठरतो. मग घरं कमी धरली जातात, भाव अजून चढतात, पुढच्या वेळी प्रमाण अजून घसरतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. इंग्लंडमधे 2018 ला त्यांच्या सांख्यिकी खात्याने कुटुंबांचे नवे अंदाज काढले तर वर्षाला दोन लाख दहा हजार नवी कुटुंबं होतील हा जुना आकडा एक लाख 59 हजारांवर आला, आणि त्यामागचं एक कारण हेच होतं, मधल्या काळात महागाईमुळे पोरं घरीच राहिली आणि गणिताने ते कायमचं धरलं. सरकारचं टार्गेट वर्षाला तीन लाख घरांचं, त्यांनी सरळ सांगितलं नवीन आकडा वापरू नका, जुना 2014 चाच वापरा. शेवटी 2024 च्या डिसेंबरला कुटुंबांचे अंदाज बाजूलाच ठेवले आणि गावात आज जेवढी घरं आहेत त्याच्या 0.8 टक्के दरवर्षी बांधा, असं मूळ माप धरून वर जिथे घरं पगाराच्या मानाने महाग तिथे जास्त वाढ सुरू केली. मला हे पूर्ण पटत नाही, जिथे घरं आहेत तिथेच अजून घरं असा त्याचा अर्थ होतो आणि तो फॉर्म्युला उद्या कोणी आमच्या वाडीला लावला तर बावीस रिकाम्या-भरल्या घरांवर अजून घरं मंजूर होतील. पण निदान त्यांनी जाहीरपणे मान्य केलं की आकड्यातच खोट आहे.

उलट बाजूने, घरं बांधली की माणसं येतील हेही खोटं. नवी मुंबई घ्या. सिडको 1970 ला झाली, वीस लाख लोकांचं शहर वसवायचं, मुंबईची गर्दी हलवायची. नोड पडले, सेक्टर पडले, बिल्डिंगी उभ्या राहिल्या, पण सरकारी कचेऱ्या काही मुंबईतून हलल्या नाहीत, माणसं कशाला हलतील. हार्बरची लोकल मानखुर्दवरून खाडी ओलांडून वाशीला पोचली 1992 ला, आणि त्यानंतर बघा कसं भरलं ते. विरार-बोळींजला म्हाडाचे हजारो फ्लॅट कितीतरी वर्षं पडून राहिले, लॉटरीवर लॉटरी काढल्या, शेवटी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य म्हणून विकायला काढले, कारण पाण्याची बोंब. आणि 2023 ला मुंबईत म्हाडाची चार हजार घरांची लॉटरी निघाली तर लाखाच्या वर अर्ज. एकच संस्था, एकच लॉटरी पद्धत. दोन्हीकडची घरं 'परवडणारी' या एकाच खात्यात.

घर म्हणजे फक्त भिंती नाहीत, ते कोणत्या स्टेशनपासून किती मिनिटांवर आहे आणि नळाला किती वाजता पाणी येतं हे धरून घर असतं, बाई कामावरून आठला परत आली तर रिक्षा मिळते का हे धरून घर असतं. हे कोणाही बदलापूरकराला माहीत आहे, प्लॅनवाल्यांना का नसावं कळत नाही.

मग कोकण-मुंबईच्या पलीकडे जाऊ. बीडच्या बाजूचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळीने निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या आसपास. तिथे हिशोब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल पण कोयत्यावर मिळते. म्हणजे मुकादमाला जे कळलं ते नियोजनवाल्यांना कळत नाही, की जाणारं युनिट माणूस नसून जोडपं आहे. ही जोडपी सहा महिने फडात, पाचट-ताडपत्रीच्या कोपीत. आता जनगणनेतली माणसांची मोजणी असते फेब्रुवारीत, 2011 ला 9 ते 28 फेब्रुवारी झाली आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस आहे 1 मार्च 2027. म्हणजे ऐन हंगाम! बीडच्या घरात म्हातारी आणि शाळेतली नातवंडं, आईबाप तिकडे कोपीत. या कुटुंबाला घराची गरज कुठे आहे? बीडला पक्कं घर बांधून दिलं तरी कोपी काही सुटत नाही, आणि कारखान्यापाशी सहा महिन्यांच्या निवाऱ्याचा विचार तर कुठल्याच टार्गेटमधे बसत नाही कारण तो 'घर' नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचंही बघा, स्वतःच्या जागेवर स्वतः बांधणाऱ्यांना त्यात मोठा वाटा गेला, ते वाईट नाही, पण जो जागा सोडून आलाय त्याच्याकडे शहरात जागा असणार कुठून.

त्याला हवी असते भाड्याची खोली, आणि भाड्याचं घर आपण गेल्या साठ वर्षांत जवळजवळ मोडीत काढलं. 1961 ला देशातल्या शहरांत निम्म्याहून जास्त, 54 टक्के बिऱ्हाडं भाड्याने रहायची, 2011 ला 28 टक्के. गिरणगाव भाड्यावर उभं राहिलं होतं, महिना काही रुपये भाडं देऊन दोन पिढ्या वाढल्या. आता पहिल्या दिवसापासून मालक व्हायचं नाहीतर अकरा महिन्यांनी सामान उचलायचं. काकीचा मुलगा पुण्यात वाकडला आहे, लग्नाआधी चार पोरं एका टू-बीएचकेत, डबा बाहेरून. चूल मोजायला आलेला माणूस काय लिहिणार त्यांना, एक कुटुंब? पाच वर्षांत चौघांची लग्नं झाली आणि चार घरं लागली. ती गरज आधीच दिसत होती की, चौघांच्या वयातच दिसत होती.

कोणी म्हणेल मग काय आकडे काढूच नका का. असं कोण म्हणतंय. आकडा कमी धरला की काय होतं ते आम्ही रोज 7.50 च्या लोकलला बघतो. पाईपलाईन, रस्ते, शाळा हे दहा-पंधरा वर्षं आधी ठरवावं लागतं, अंदाज लागणारच. माझं म्हणणं एवढंच की एक आकडा सांगू नका, दोन-तीन सांगा, गाड्या वाढल्या तर एवढी बिऱ्हाडं येतील, नाही वाढल्या तर एवढी, भाव असेच राहिले तर इतकी पोरं घरीच अडकतील. जिल्ह्याचा आकडा उपयोगाचा नाही, ठाणे जिल्ह्यात ठाणे शहर पण येतं आणि मुरबाड-शहापूरचे पाडे पण येतात. तालुका घ्या. आणि दहा वर्षं थांबायची गरज नाही, तसंही 2021 ची जनगणना झालीच नाही, आपण अजून 2011 वरच भागाकार करतोय, तेव्हाची दुसरीतली मुलं आता लग्नाच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या राज्यात तर भाडेकरार रजिस्टर करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यात भाडेकरूचा मूळ पत्ता असतो आणि नवीन पत्ता असतो, म्हणजे बिऱ्हाड कुठून निघालं नि कुठे टेकलं याची रोजची नोंद सरकारदरबारी पडून आहे. नावं काढून टाका आणि नुसती बेरीज करा ना तालुक्याप्रमाणे. विजेच्या मीटरवरून कळतं कुठलं घर वर्षभर जिवंत आहे आणि कुठलं फक्त गणपतीत. शाळेच्या दाखल्यांवरून कळतं कुठल्या गावची बिऱ्हाडं पोरांसकट हलली. आणि 35 लाखांतली निदान काही लाख घरं भाड्यासाठीच राखून ठेवा, विकायचीच नाहीत अशी, कारण शहरात नवीन आलेल्याला पहिली पाच वर्षं तीच लागतात.

बाकी कोकणातल्या रिकाम्या घरांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. होमस्टे करा म्हणतात, करतातही काही जण, पण बावीस घरांच्या वाडीत किती होमस्टे चालणार.

काकी आता चौऱ्याहत्तरची. पावसाळ्यात आमच्याकडे बदलापूरला, हिवाळ्यात लेकाकडे पुण्यात, आणि आंबे धरले की कोणाचं न ऐकता गावी. मागच्या जनगणनेच्या वेळी घरयादीवाले गुरुजी आमच्या वाडीत आले होते ते मे महिन्यात, घरात तेव्हा आम्ही सगळे मिळून सतरा माणसं. त्यांनी विचारलं इथे कायम कोण राहतं, तर काकी पदराला हात पुसत पुढे आली, म्हणाली मी आणि हे. गुरुजींनी लिहून घेतलं आणि पडवीच्या खांबावर नंबर टाकून गेले. काका गेले त्याला आता सात वर्षं झाली. गेल्या गणपतीत चुलतभाऊ पडवी रंगवत होता, तो खांबावर ब्रश फिरवणार तेवढ्यात काकी आतून ओरडली, तेवढं सोड रे, परत येतील ते, त्यांना घर सापडायला नको का.